जुनी स्कूबा टाकी घ्यावी का? खांद्यावरचे शिक्के वाचायला मदत हवी

सागरगोटा (सॅन होजे)

मंडळी, इथे पाण्याखाली जाणारे मोजकेच असतील, तरी विचारतो. सर्टिफिकेट मिळाल्यापासून मॉन्टेरेला डायव्हिंग चालू आहे. रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडाशी आणणारा), बीसीडी (हवा भरून तरंग सांभाळायचं जाकीट), सात मिलिमीटरचा वेटसूट सगळं हळूहळू घेतलं. टाकी मात्र अजून भाड्याची. शुक्रवारी दुकान बंद व्हायच्या आत पळत जाऊन आणायची आणि सोमवारी ऑफिसच्या वाटेवर परत टाकायची, याचा आता कंटाळा आलाय.

फेसबुक मार्केटप्लेसवर एका घरच्या गॅरेजमधल्या दोन टाक्या दिसल्या. दोन्ही ॲल्युमिनियम ८०, म्हणजे ८० घनफूट हवेच्या. एक पिवळीधमक, कालच दुकानातून आणल्यासारखी. दुसरी बिनरंगाची, अंगभर ओरखडे, तळाला काळा बूट, म्हणजे टाकी उभी राहावी म्हणून घातलेली टोपी. कुठलीही घ्या, ६० डॉलर. विकणाऱ्या बाईंच्या वडिलांच्या आहेत, त्यांना स्वतःला यातलं काही कळत नाही. नवी घेतली तर व्हॉल्व्हसकट अडीचशेच्या घरात जाते. माझं मन पिवळीवर आहे. शनिवारी बघायला जायचंय. काय काय बघू?

खडूस काका

ऑक्सिजनचे सिलिंडर जुन्या बाजारातून घेणारा माणूस आज पहिल्यांदा पाहिला. वहिनींना विचारलंत का?

दर्यावर्दी (फुजैरा)

काका, आत ऑक्सिजन नसतो, तुम्ही-आम्ही घेतो तीच हवा असते, फक्त दाबून भरलेली. शुद्ध ऑक्सिजन घेऊन सहा मीटरच्या खाली गेलात तर तोच विषारी ठरतो. फिट येते, तोंडातला रेग्युलेटर सुटतो आणि माणूस बुडतो. नायट्रॉक्स म्हणून ऑक्सिजन वाढवलेली हवा मिळते, पण तिचं प्रशिक्षण वेगळं असतं. म्हणूनच सागरगोटा, टाकीवर हिरवा-पिवळा पट्टा दिसला तर आत काय उरलंय ते माहीत नाही असंच धरून चाला. खरं तर पट्टा नसला तरी अनोळखी टाकीतली हवा ओढायची नाही. ती सोडून द्यायची.

आता मुद्द्याचं. शनिवारची वाट कशाला बघता? आजच फोटो मागवा. टाकीचा नको, टाकीच्या खांद्याचा. मानेखालच्या उतारावर गोल फिरत अक्षरं ठोकलेली असतात, टाकीची सगळी कुंडली तिथेच असते. रंगामुळे वाचता येत नसेल तर बाईंना खडू चोळायला सांगा. वरवरचं पुसलं की खाचांत पांढरं उरतं, मग टॉर्च आडवा धरून फोटो काढायचा.

आमच्याकडे युरोपियन शिक्क्यांच्या टाक्या बऱ्याच असतात. त्यांच्यावर लिटर आणि बार सरळ लिहिलेले. म्हणजे १२ लिटर, २३२ बार भरायचा दाब, ३४८ बार चाचणीचा दाब. अमेरिकन शिक्के थोडे गूढ असतात, ते इथल्या इंजिनियर मंडळींनी सांगावं.

पुणेरी प्रेशर (चिंचवड)

हाक मारली म्हणून आलो. आयुष्य प्रेशर व्हेसलमध्ये गेलं, पाण्यात मात्र टिळक तलावापुढे गेलो नाही.

अमेरिकन टाकीवर सुरुवातीला डीओटी दिसेल, म्हणजे तिथलं परिवहन खातं. त्यापुढे ३एएल असेल तर ॲल्युमिनियम, ३एए असेल तर स्टील. मग आकडा, बहुधा ३०००. हा भरायचा दाब, पीएसआयमध्ये (चौरस इंचाला पौंड), म्हणजे २०७ बार. कॅनडासाठीही चालणारी असेल तर शेजारी टीसी आणि २०७ असतं. मग अनुक्रमांक, बनवणाऱ्याचं नाव, आणि पहिल्या हायड्रो चाचणीचा महिना-वर्ष. त्यानंतर दर पाच वर्षांनी झालेल्या चाचण्यांचे शिक्के. प्रत्येकात महिना, वर्ष आणि मधे चौकोनात मांडलेली चार अक्षरं, तो चाचणी करणाऱ्याचा परवाना क्रमांक. चौकोन नसेल, नुसती तारीख ठोकलेली असेल तर शंका घ्या.

आता ऐका. पहिली तारीख आणि बनवणारा, हे दोन आधी बघा. बाकी सगळं नंतर.

जुन्या ॲल्युमिनियम टाक्या ६३५१ नावाच्या मिश्रधातूच्या असत. त्यात एक खोड निघाली. सतत दाबाखाली राहिलं की मानेच्या आतल्या आट्यांपाशी बारीक भेग सुरू होते आणि वर्षानुवर्षं हळूहळू वाढत जाते. बाहेरून काही दिसत नाही. बहुतेक वेळा आधी गळती लागते आणि लक्षात येतं, पण काही टाक्या फुटल्या, आणि त्यातल्या बऱ्याच भरताना फुटल्या. म्हणजे हात, पाय किंवा जीव गेला तो पंपाशी उभ्या असलेल्या पोराचा. टाक्या बनवणाऱ्या अमेरिकेतल्या लक्सफरने १९८८ च्या मध्यात ६३५१ सोडून ६०६१ धरला. कॅटालिना कंपनी पहिल्यापासून ६०६१ वरच होती. वॉल्टर किडच्या स्कूबा टाक्या ६३५१ च्या. लक्सफरच्या अमेरिकेबाहेरच्या कारखान्यांत ६३५१ आणखी काही वर्षं चालला, त्यामुळे ही १९८८ ची रेघ फक्त अमेरिकन टाकीला लावा.

६३५१ बेकायदा नाही. पाच वर्षांच्या चाचणीच्या वेळी मानेची एडी करंट तपासणी (विजेच्या प्रवाहाने भेग शोधायची) करून घेतली तर कायद्याने चालते. पण भरून देणारा दुकानदार 'नाही' म्हणाला तर तुम्ही काय करणार? आणि बरेच जण 'नाही'च म्हणतात.

पावसाळी बेडूक (सिॲटल)

+१. आमच्या भागात तर काउंटरवर पाटीच आहे, १९९० च्या आधीची ॲल्युमिनियम टाकी आणू नका म्हणून. धातू कुठला, चाचणी झाली का, काही ऐकूनच घेत नाहीत. म्हणून घ्यायच्या आधी जिथे भरणार त्या दुकानाला फोन करा. टाकी चांगली असून उपयोग नाही, ती कुणी भरून द्यायला हवी.

आणि त्या पिवळ्या रंगाच्या प्रेमात पडू नका हो. मला उलट तीच संशयास्पद वाटते.

सागरगोटा

रंगात एवढं काय? गंजू नये म्हणून दिला असेल.

पुणेरी प्रेशर

कोणी दिला आणि कसा दिला यावर आहे. कारखान्यातला रंग ठीक. पण गाडीच्या किंवा गेटच्या पावडर कोटिंगवाल्याकडून भट्टीत भाजून घेतला असेल तर टाकी संपली. ॲल्युमिनियमची ताकद त्याला दिलेल्या उष्णतेच्या संस्कारात असते. साधारण १७५ अंश सेल्सियसच्या वर तापलं की ती ताकद उतरते आणि परत येत नाही. पावडर कोटिंगच्या भट्ट्या बहुधा त्याच्या वरच चालतात. दिसायला टाकी झकास, आतून मऊ.

नुसता स्प्रे मारला असेल तर धातूला धोका नाही. पण खाली काय झाकलंय? खड्डे, गंजाचे डाग, भरलेली पुट्टी, जुना स्टिकर. रंगवलेली टाकी म्हणजे लग्नाच्या बायोडेटातला फोटो.

खडूस काका

बायोडेटा 😄 हे मात्र पटलं.

एक शंका. ही हायड्रो म्हणजे पाण्याने चाचणी ना? हवा भरायच्या टाकीची चाचणी पाण्याने का?

पुणेरी प्रेशर

काका, चांगला प्रश्न. हवा दाबली जाते, पाणी जवळपास दाबलं जात नाही. हवेने चाचणी घेताना टाकी फाटली तर आत कोंडलेली सगळी ऊर्जा एकदम सुटते, स्फोटच तो. पाण्याने फाटली तर 'फट्' आवाज आणि ओली जमीन.

पद्धत अशी: टाकी पाण्याने भरून पाण्याच्याच बंद पिंपात बुडवतात. मग टाकीत दाब वाढवतात, ३००० ची असेल तर ५००० पीएसआयपर्यंत. टाकी किंचित फुगते, तेवढं पिंपातलं पाणी बाहेरच्या नळीत चढतं. दाब काढला की टाकी आकसते, पण पूर्ण नाही. उरलेली फुगी ही एकूण फुगीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर नापास. समजा एकूण १२० मिलिलिटर फुगली आणि त्यातले ७ तसेच राहिले, तर पास. १५ राहिले तर घरी जा.

ही दर पाच वर्षांची. शिवाय दरवर्षी व्हॉल्व्ह काढून आत दिवा सोडून बघतात. अमेरिकेत ती वार्षिक तपासणी सरकारी नियमात नाही, डायव्हिंगवाल्यांचा आपापसातला शिरस्ता आहे. पण तिचा स्टिकर नसेल तर टाकी भरून मिळत नाही, त्यामुळे तुमच्या दृष्टीने दोन्ही सारखंच.

मीनल कुठेतरी

डायव्हिंगशी दुरान्वयानेही संबंध नाही, तरी सगळं वाचून काढलं. वाचनखूण साठवली आहे.

देवबागचो झिल (मालवण)

टाकी इकत घेवची कित्याक? 🙂 आमच्याकडे येवा, भरलेली टाकी पाठीवर बांधून देतंव.

गंमत सोडा. इथे स्वतःची टाकी बाळगणारं गिऱ्हाईक मी पाहिलं नाही, सेंटरच्या टाक्या असतात. पण वरचं सगळं सेंटरची टाकी घेणाऱ्यालाही लागू आहे. तारकर्लीला, गोव्यात नाहीतर नेत्राणीला डाइव्हला गेलात की लोक कॅमेऱ्याकडे बघतात, टाकीच्या खांद्याकडे कोणी बघत नाही. बघा. शेवटची चाचणी कधीची ते विचारा, विचारलं म्हणून चांगला इन्स्ट्रक्टर रागावत नाही. रेग्युलेटर लावल्यावर होडीवरच दोन-चार श्वास घ्या आणि त्याच वेळी गेजकडे नजर ठेवा. श्वासागणिक काटा खाली जाऊन वर येत असेल तर व्हॉल्व्ह पुरता उघडलेला नाही. हवेला तेलाचा किंवा धुराचा वास आला तर उतरू नका. कॉम्प्रेसरच्या फिल्टरने राम म्हटलेला असतो, नाहीतर हवा घ्यायची नळी इंजिनाच्या धुराच्या तोंडाशी असते.

पावसाळी बेडूक

देवबागचो झिल, गेजच्या काट्याचं एकदम बरोबर.

सागरगोटा, मॉन्टेरेसाठी तुम्हाला ॲल्युमिनियमच का हवं? थंड पाणी, जाड वेटसूट, कमरेला आधीच शिसं. ॲल्युमिनियम ८० भरलेली असताना अर्ध्या-पाऊण किलोने बुडते आणि रिकामी होत आली की दोन किलोने तरंगते, कारण तेवढी हवा तुम्ही पिऊन टाकलेली असते. ते दोन किलो शिसं सुरुवातीपासून अंगावर वागवावं लागतं. स्टीलची टाकी रिकामी झाली तरी साधारणपणे बुडतीच राहते. मी म्हणून स्टीलवर गेले.

पण जुनं स्टील घेताना बुटाखाली बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. बुटात खारं पाणी साचतं आणि तळाच्या गोलाईवर गंजाचं कडं पडतं. आणि आतून गंजलेली ओली टाकी महिनोन्‌महिने बंद पडून असेल तर गंज आतला ऑक्सिजन खाऊन टाकतो. गेज भरलेलं दाखवतं, हवेला वास नाही, आणि माणूस दोन मिनिटांत बेशुद्ध. दर्यावर्दींनी वर सांगितलंय ना, अनोळखी टाकीतली हवा ओढायची नाही, ते या कारणासाठीही.

स्टीलवर तारखेपुढे अधिकचं चिन्ह दिसलं तर दहा टक्के जास्त भरायला परवानगी. पण दर चाचणीला ते पुन्हा ठोकून घ्यावं लागतं. एकदा होतं म्हणून कायम असं नाही.

एक_प्रश्न_होता

इथे ऑनलाइन अग्निशामक दलाच्या कार्बन फायबरच्या टाक्या खूप स्वस्तात दिसतात, वजनाला पिसासारख्या. त्या का नाही घ्यायच्या?

दर्यावर्दी

पिसासारख्या, म्हणूनच. पाण्यात बुडणारच नाहीत, तुम्ही शिसं बांधत बसाल. शिवाय त्या फायबर गुंडाळलेल्या टाक्यांना बहुधा १५ वर्षांची मुदत असते. स्वस्तात विकतात याचा अर्थ मुदत संपलीय किंवा संपत आलीय.

सागरगोटा

मंडळी, आलो जाऊन. बाईंनी फोटो पाठवले होते पण धूसर होते, म्हणून खडू आणि टॉर्च खिशात घालूनच गेलो.

पिवळी: रंग खाचांत इतका भरलेला की खडूचा उपयोग झाला नाही. नखाने उकरत उकरत वाचलं. 'ई६४९८-३०००', लक्सफर, पहिली तारीख १९८०. त्यानंतर १९८६ आणि १९९२. पुढे काहीच नाही. व्हॉल्व्ह उघडाच होता, आत दाब शून्य. आडवी करून हळू कलंडली तर आत काहीतरी बारीक खडखडत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेलं. आणि सगळ्यात मजा म्हणजे रंग तपासणीच्या स्टिकरवरूनच मारलाय. स्टिकरची चौकोनी कडा बोटाला लागते.

चंदेरी: खडू चोळल्याबरोबर स्वच्छ वाचता आलं. टीसी-३एएलएम २०७, डीओटी-३एएल ३०००, एस८०, कॅटालिना, १९९६. शेवटचा शिक्का २०११, मधे चौकोनात चार अक्षरं आहेत. ओरखडे आहेत पण नख अडकेल असा एकही नाही. पोचे नाहीत. बूट निघता निघेना, कोमट पाणी ओतून फिरवत काढला. आत वाळू, सुकलेल्या केल्पचा (समुद्री शेवाळाचा) तुकडा आणि तळाभोवती कड्यासारखी पांढरी पूड. अंगठ्याने पुसली तर खाली धातू गुळगुळीत. व्हॉल्व्हची मूठ घट्ट होती पण फिरली. किंचित उघडली तर हवा कोरडी, वास नाही. माझं गेज लावून पाहिलं, ४०० पीएसआय.

पुणेरी प्रेशर

शाबास, इतकं नीट बघणारे इन्स्पेक्टर आमच्याकडे असते तर!

पिवळीला हात लावू नका. ई६४९८ हा ३एएल मानक यायच्या आधीच्या विशेष परवानगीचा क्रमांक आहे, त्या सगळ्या ६३५१. त्यात १९९२ नंतर चाचणी नाही, उघडी पडलेली, आत खडखडाट. फुकट दिली तरी नको.

चंदेरी: ६०६१, कोरडी, दाब शिल्लक. आत हवेचा दाब राहिला म्हणजे बाहेरची दमट हवा शिरली नाही. तळाची पांढरी पूड ही ॲल्युमिनियमच्या गंजाची आणि मिठाची, खाली खड्डा नसेल तर चिंता नको. ६०६१ च्या टाकीला वयाची मर्यादा नाही, चाचणी पास होतेय तोवर चालते.

एकच बजावतो: दाब असताना व्हॉल्व्ह मानेतून काढायच्या भानगडीत घरी पडू नका. ते दुकानदाराला करू द्या.

दर्यावर्दी

आणि व्हॉल्व्ह बदलायची वेळ आली तर आटे जुळतात का ते मानेवरच्या शिक्क्यावरून बघूनच. अमेरिकन टाकीची मान पाऊण इंची, युरोपियन एम२५. एम२५ चा व्हॉल्व्ह पाऊण इंची मानेत जातो, बसल्यासारखाही वाटतो, आणि दाब चढला की गोळीसारखा सुटतो. तुम्ही कॅलिफोर्नियात आहात म्हणून बहुधा प्रश्न येणार नाही, पण ऑनलाइन मागवताना हे चुकतं.

पावसाळी बेडूक

आता व्यवहार. ६० टाकीचे, हायड्रोचे साधारण ५०, आतली तपासणी २०-२५, व्हॉल्व्हची मूठ घट्ट आहे म्हणजे सर्व्हिस लागणार, ३० धरा. झाले १६०-१६५. नवी अडीचशेला, पाच वर्षांच्या ताज्या शिक्क्यासकट. वाचले किती, ८५. आणि नापास झाली तर ६० पाण्यात. म्हणून ६० द्यायचे नाहीत. ४० म्हणा, आणि नापास झाल्यास परत. बाईंना समजावून सांगा, चाचणीच्या तारखा दाखवा. गॅरेज रिकामं करायची घाई त्यांना आहे, तुम्हाला नाही.

खडूस काका

८५ डॉलरसाठी एवढा खटाटोप? मी नवी घेतली असती.

सागरगोटा

काका, तुम्ही नवी घेतली असती आणि मग टॅक्सवरून धागा काढला असता 😄

बाई ४० ला तयार झाल्या, नापास झाली तर परत घ्यायलाही. चंदेरी मॉन्टेरेच्या दुकानात टाकून आलो. पिवळीचं सगळं त्यांना समजावलं. त्या म्हणाल्या वडिलांनी शेवटी शेवटी अंगणात शोभेला ठेवायला म्हणून रंगवली होती. मार्केटप्लेसवरून ती काढून टाकली त्यांनी. भंगारात देणार आहेत. दुकानवाला म्हणाला, आमच्याकडे आणा, भोक पाडून देतो, म्हणजे पुढे कोणी भरायला नेणार नाही.

सागरगोटा

अपडेट: हायड्रो पास. आतून स्वच्छ. व्हॉल्व्हच्या ओ-रिंगा आणि सीट बदलली. सगळे मिळून १५२ डॉलर. स्टीलचा मुद्दा डोक्यात आहे, पुढची टाकी स्टीलची.

गिरगावची सई

अभिनंदन! धागा वाचून एक विचारते. माझा भाऊ टेक्सासहून दिवाळीला येतोय, त्याच्याकडे अशीच एक वापरात नसलेली टाकी आहे. घेऊन ये म्हणू का? तारकर्लीला भरून मिळेल?

पुणेरी प्रेशर

सई, नको. भारतात दाबाखालच्या सिलिंडरांना गॅस सिलिंडर नियम, २०१६ लागू होतात आणि ते बघणारं खातं म्हणजे पेसो (पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटना), मुख्यालय आपल्या नागपूरलाच. बाहेरून सिलिंडर आणायला त्यांची परवानगी लागते आणि टाकी त्यांनी मान्य केलेल्या प्रकारातली असावी लागते. डीओटीचा शिक्का इथे पुरत नाही. विमानवालेही व्हॉल्व्ह काढून आतलं दिसेल अशी रिकामी टाकीच घेतात, घेतलीच तर. एका टाकीसाठी कोण हे सगळं करणार?

देवबागचो झिल

ताई, टाकी रवांदे थंयच. भावाक रेग्युलेटर हाडूक सांगा, तो चालता. फक्त योकचा (व्हॉल्व्हवर बाहेरून आवळायचा) की डीआयएनचा (व्हॉल्व्हच्या आत आट्यांनी बसवायचा) ते आधी विचारून घ्या. आमच्या टाक्या योकच्या आहेत. डीआयएन असेल तर अडॅप्टर सोबत आणायला सांगा, इथे ऐन वेळी मिळत नाही.